वाघूरकाठच्या शाळेतली चित्रं : प्रकल्प नोंदी, २०२४-२५

शनिवार, २२ जून २०२४

पहिली ते चौथीच्या सगळ्या मुलांना आज एकच विषय दिला : आपलं गाव. फळा कोरा ठेवला.

चौथीच्या बहुतेक वह्यांत एकच चित्र निघालं. दोन त्रिकोणी डोंगर, मधे अर्धा सूर्य, डोंगरांतून वळणं घेत येणारी नदी, उतरत्या छपराचं घर, शेजारी नारळ. जळगाव जिल्ह्याच्या जामनेर तालुक्यातल्या, वाघूर नदीकाठच्या आमच्या या गावात जुनी घरं धाब्याची (मातीच्या सपाट छताची), नवी स्लॅबची. उतरतं छप्पर शोधावं लागेल. दक्षिणेला अजिंठ्याची रांग दिसते तिचा माथा सपाट आहे, पट्टीनं आखल्यासारखा. शाळेच्या ओट्यावर उभं राहिलं की ती रोज समोर असते, आणि एकाही वहीत ती आलेली नाही.

पहिली-दुसरीची चित्रं मात्र बघत बसावीत अशी. एकाची विहीर तळापर्यंत दिसते, आत मोटर, मोटरीवर बेडूक. एकीची आजी घरापेक्षा उंच आहे आणि घर तिच्या हाताखाली. एकानं चौकातला पार काढलाय आणि भोवतीची झाडं चारी दिशांना आडवी पडली आहेत, कारण तो स्वतः मधे उभा राहून चारी बाजूंना बघतोय.

दोन वर्षांत त्या विहिरीच्या जागी नारळ येतो. तो कुठून येतो ते सगळ्यांना माहीत आहे : फळ्यावरून, मोठ्या भावंडांच्या वहीतून, रंगवायच्या तयार पुस्तकांतून. या वर्षीचं काम त्यामुळे ठरलं. शनिवारच्या सकाळच्या शाळेत चित्रकलेला सलग वेळ ठेवायचा. नमुना काढून द्यायचा नाही. मुलाच्या कागदाला माझी पेन्सिल लागणार नाही. खोडरबर दप्तरातच राहील.

शनिवार, ६ जुलै

शेजारच्या वर्गाच्या सरांनी विचारलं, "मॅडम, काही शिकवायचंच नाही, तर मग मुलं शिकणार कशी?" प्रश्न रास्त आहे म्हणून इथे सविस्तर लिहून ठेवते.

चित्र काढताना लहान मूल डोळ्याला दिसतं तेवढंच काढत नाही, त्याला माहीत असलेलं सगळं काढतं. साधारण चार ते सात वर्षांपर्यंत वस्तू कागदावर सुट्या तरंगतात. डोक्यालाच हातपाय फुटतात, आणि ज्याचं महत्त्व जास्त तो आकारानं मोठा. सातच्या आसपास कागदाच्या तळाला जमिनीची रेघ येते आणि सगळं त्या रेघेवर उभं राहतं. वर आभाळाची निळी पट्टी, मधली जागा मोकळी. भिंतीआडचं, पोटातलं, जमिनीखालचंही दिसतं, कारण ते तिथे आहे हे मुलाला ठाऊक असतं. नऊ-दहाच्या सुमाराला मूल स्वतःच्या चित्राकडे परक्याच्या नजरेनं बघायला लागतं. "खरं दिसत नाही" म्हणून नाराज होतं. त्या वयात त्याला सोपं तयार चित्र मिळालं, की ते आयुष्यभर तेच काढतं. किंवा काढायचं सोडून देतं. गावातल्या कुठल्याही मोठ्या माणसाला कागद द्या, तो म्हणेल, "मला नाही येत." पहिलीत त्याला येत होतं.

तेव्हा पहिली-दुसरीला शिकवायचं ते साहित्य वापरायला : रंग किती पाण्यात कालवायचा, ब्रश कसा धरायचा, मातीला पाणी किती. तिसरी-चौथीला शिकवायचं बघायला. हे दोन्ही शिकवणंच आहे आणि त्याला तयारी लागते. सरांना पटलं की नाही कळलं नाही, पण पुढच्या शनिवारी त्यांचा वर्गही बसवूया म्हणाले.

शनिवार, २० जुलै

हिरवा रंग.

मुलांनी येताना पानं आणली : कपाशी, केळ, कडुनिंब, बोर, तूर. पांढऱ्या चार्ट पेपरवर ती ओळीनं मांडली. मग लाल, पिवळा, निळा आणि पांढरा एवढेच पोस्टर कलर दिले. हिरव्याची बाटली कपाटात. आपल्या पानाचा रंग बनवायचा आणि पानाशेजारी ठिपका द्यायचा.

सांगितलं इतकंच की आधी पिवळा घ्या आणि त्यात निळा टोकाटोकानं मिसळा. निळ्यात पिवळा घालत गेलं की अख्खी बाटली रिकामी होते तरी निळा हटत नाही. केळीचं कोवळं पान जवळजवळ नुसत्या पिवळ्यात निघालं. कडुनिंबासाठी तिसरीतल्या एका मुलीनं हिरव्यात लालाचा थेंब टाकला आणि रंग मावळला, गडद झाला, अगदी पानासारखा. ती सगळ्यांना सांगत सुटली, "हिरव्यात लाल टाकला तं तो चूप होतो!" बोराच्या पानाची खालची बाजू पांढुरकी असते हे एकाला आज दिसलं. काटे त्याला पहिल्यापासून माहीत होते.

चार्ट भिंतीवर लावला. आता कुणी झाड रंगवायला बसलं की आधी तिथे जाऊन बघतं.

शनिवार, ३१ ऑगस्ट

परवा पोळा. मातीचे बैल केले.

काळी माती नुसती घेऊन चालत नाही. वाळताना ती आकसते आणि तडकते. शेतात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याच कारणानं. नदीकाठची गाळाची माती आणली, चाळली, भिजवून रात्रभर ओल्या पोत्याखाली ठेवली आणि सकाळी मुलांनीच तुडवली. पाय चिकटवायचे तर दोन्ही बाजूंना काडीनं ओरखडे काढायचे, मधे चिखलाचं पातळ पाणी लावायचं आणि दाबायचं. हे एवढं तंत्र दाखवलं. जास्त जाड केलेला बैल आतून ओला राहतो आणि नंतर फुटतो, हेही सांगितलं.

बाकी बैल त्यांचे. इथल्या मुलांना बैल शिकवायची गरज नाही. वशिंड कुठे येतं, शिंगाचा बाक कसा, कोणता बैल मान खाली घालून चालतो हे सगळं हातांना माहीत आहे. वहीत बैल काढताना चौथीतला जो मुलगा दरवेळी म्हणतो "मला जमत नाही", त्यानं बसलेला बैल केला. बसल्यावर पुढचा पाय दुमडून कुठे जातो ते अचूक. मग तो बैल समोर ठेवून त्यानं त्याचं चित्र काढलं. "मॅडम, याले तं दोनच पाय दिसून राहिले." जेवढे दिसतात तेवढेच काढ, म्हटलं. त्यानं दोनच काढले. एका बाजूनं बघितलं की काही भाग झाकला जातो, हे त्याला आज त्याच्या स्वतःच्या बैलानं शिकवलं. मी फळ्यावर कितीही समजावलं असतं तरी ते असं उतरलं नसतं.

माझं मत पक्कं होत चाललंय : प्राथमिक शाळेत मातीकाम आधी, पेन्सिल नंतर.

गुरुवार, २६ सप्टेंबर

शाळेला लागून कपाशीचं शेत आहे. मालकाला विचारून तिसरी-चौथीला बांधावर बसवलं. एकेका झाडावर पातं (कळी), फूल, कैरी (कच्चं बोंड), सगळं एकाच वेळी आहे. प्रत्येकानं आज उमललेलं एक फूल निवडायचं, देठाला खुणेचा दोरा बांधायचा आणि झाडावरच ठेवून त्याचं चित्र काढून रंगवायचं. फुलं फिकट पिवळी, सायीच्या रंगाची.

चित्र काढायची रीत वेगळी ठेवली. कागदाकडे बघायचंच नाही. नजर फुलाच्या कडेवरून मुंगीसारखी सावकाश चालवायची आणि पेन्सिल तिच्याबरोबर. हात उचलायचा नाही. रेघ भलतीकडे जाते आणि मुलं हसतात, पण त्या वाकड्या रेघेत पाकळीच्या कडेची प्रत्येक मुरड असते. "खरं दिसत नाही" म्हणणाऱ्या वयाला हे औषध लागू पडतं, कारण खरं दिसायची अटच काढून घेतलेली असते.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

तीच फुलं, आज गुलाबी. कपाशीचं फूल दुसऱ्या दिवशी रंग बदलतं आणि मिटत जातं, हे शेतकऱ्याच्या घरच्या मुलांना माहीत असतंच. पण कालचा पिवळा कागद हातात धरून समोर दोरा बांधलेलं गुलाबी फूल बघणं वेगळं. कालच्या चित्राशेजारी आजचं काढलं. एका मुलानं दोन्हींच्या मधे तिसरं काढलं, अर्धं पिवळं अर्धं गुलाबी. "हे रात्रीचं," म्हणाला. ते त्यानं पाहिलेलं नाही, विचार करून काढलंय. मला ते फार आवडलं आणि तसं त्याला सांगितलं.

शनिवार, ३० नोव्हेंबर

केळी. एका पालकांनी कापलेल्या खोडाचे आणि पानांच्या देठांचे तुकडे दिले.

देठ आडवा कापला की आत जाळी दिसते, पोकळ्यांची ओळ. रंगात बुडवून कागदावर दाबला की कमानींची नक्षी उमटते. भेंडी आडवी कापून तिचंही फूल उमटवलं. पहिली-दुसरीनं लांब पट्टे छापले. इथे एक गोष्ट मुद्दाम घेतली : ठसा उमटवण्याआधी हातानं ताल धरायचा. दोन देठ, एक भेंडी, दोन देठ, एक भेंडी. नक्षी म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा क्रम, हे पहिलीलाही टाळ्या वाजवून कळतं.

मोठ्यांना चीक दिला. केळीचा चीक कपड्याला लागला की डाग जन्मात जात नाही, म्हणून बागेत कामाला जाणाऱ्यांचे कपडे वेगळे असतात. ताजा असताना तो पाण्यासारखा दिसतो आणि हवा लागून तपकिरी होत जातो. जुन्या धोतराचे तुकडे ताणून बांधले, बाभळीच्या काडीचं टोक चावून ब्रश केले आणि चिकानं चित्रं काढली. काढताना रेघ जेमतेम दिसते. खोडता येत नाही, थांबून बघताही येत नाही, पुढे जावं लागतं. सोमवारपर्यंत रेघा नीट गडद होतील.

अंगात जुने सदरे घालून या, असा निरोप आधीच दिला होता. बागेत कामाला जाणारी एक आई मुलीला सोडायला आली आणि थांबलीच. चीक कुठल्या बाजूनं जास्त सुटतो ते तिनं मला दाखवलं.

शनिवार, १४ डिसेंबर

उजेड आणि सावली. खिडक्यांना पोती लावून वर्ग अंधारा केला. टेबलावर गव्हाचं पीठ, कापूस, दगड, काड्या, आणि एक टॉर्च. चार-चारच्या गटानं गावाबाहेरचं दृश्य मांडायचं आणि टॉर्च कुठे धरला की सकाळ होते, कुठे धरला की दुपार, ते शोधायचं. शेवटी माझ्या फोनवर एकच फोटो.

टॉर्च आडवा आणि खाली आला की सावल्या लांबतात, हे सगळ्यांनी शोधलं. मग चाळीसगावच्या केकी मूस यांच्याबद्दल सांगितलं. १९१२ साली जन्मलेले, १९८९ मध्ये वारलेले हे छायाचित्रकार-चित्रकार. घरातच टेबलावर लहान लहान वस्तू मांडून, त्यांवर उजेड पाडून त्यांनी अख्खी दृश्यं उभी केली आणि त्यांचे फोटो काढले. चाळीसगाव मुलांना रेल्वेच्या जंक्शनमुळे माहीत. तिथे असं कुणी राहत होतं, हे आता माहीत झालं.

शुक्रवार, १० जानेवारी २०२५

अजिंठा. सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून शुक्रवार धरला. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. फर्दापूरच्या टी-पॉइंटला आमची गाडी थांबली, तिथून पुढे लेण्यांच्या बसनं.

जाण्याआधी वर्गात नकाशा काढला होता. आमच्या गावाशेजारून जाणारी वाघूर त्याच दरीतून येते. लेणी तिच्याच घोड्याच्या नालेसारख्या वळणावर कोरलेली आहेत. तिथून खाली येऊन ती आमच्या तालुक्यातून पुढे तापीला मिळते. पूल ओलांडताना मुलं खाली बघत होती. एकानं विचारलं, "आपलीच?" आपलीच.

चित्रांसमोर फार वेळ थांबता येत नाही, म्हणून काय बघायचं ते आधी ठरवलं होतं. पहिल्या लेण्यात खांबाच्या माथ्यावर चार हरणं आहेत आणि चौघांत मिळून डोकं एकच. कोणत्याही हरणाकडे बघा, ते डोकं त्याचंच वाटतं. ते शोधायला मुलांना क्षण पुरला. मग पद्मपाणी, हातात कमळ धरलेला बोधिसत्त्व. त्याच्या आजूबाजूची माणसं त्याच्यापेक्षा कितीतरी लहान. दुसरीतली मुलगी, जिची आजी घरापेक्षा मोठी होती, म्हणाली, "तो महत्त्वाचा आहे ना म्हणून." मी काहीच सांगितलेलं नव्हतं.

त्याच लेण्यात महाजनक जातकाची, म्हणजे बुद्धाच्या एका पूर्वजन्मीच्या गोष्टीची, चित्रं आहेत. महालाच्या मोकळ्या खांबांमधून आत बसलेली माणसं दिसतात आणि राजा एकाच भिंतीवर पुन्हा पुन्हा येतो : इथे राणीशेजारी, तिथे घर सोडून निघालेला. विहिरीत बेडूक काढणाऱ्यानं हे बरोबर पकडलं. गोष्ट सांगायची तर आतलंही दाखवावं लागतं.

याचा अर्थ अजिंठ्याचे चितारी लहान मुलांसारखं काढत होते, असा मुळीच नाही. अंगाला गोलाई कशी द्यायची, बोट कसं वळतं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळलं असेल! सगळं येत असूनही त्यांनी मोठ्याला मोठा काढला आणि आतलं दाखवलं, कारण त्यांना ते सांगायचं होतं. ज्या गोष्टींसाठी आपण मुलांच्या वहीत लाल शाईनं "प्रमाण चुकले" लिहितो, त्या इथे दीड हजार वर्षं भिंतीवर आहेत. आमच्या केंद्रातल्या (आसपासच्या शाळांच्या गटातल्या) प्रत्येक शिक्षकानं वर्गातली चित्रं घेऊन या लेण्यात एकदा उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं.

दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याचं खरडलेलं नाव आहे, १८१९ चं. मुलांना राग आला. इंग्रज लष्करी अधिकारी आणि चित्रकार रॉबर्ट गिल यांचं सांगितलं तेव्हा मात्र गप्प झाली. १८४४ पासून या माणसानं वर्षानुवर्षं इथल्या चित्रांच्या प्रती केल्या आणि त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. १८७९ मध्ये ते वारले; कबर भुसावळला आहे. मोठा चित्रकार नक्कल करतो तेव्हा तो बघायलाच बसलेला असतो, म्हणून त्या नकलेबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती न बघता केलेल्या नकलेबद्दल.

परतताना लेण्यांबाहेर सगळ्यांनी दरी काढली. डोंगराचे माथे सपाट आले.

शनिवार, १ फेब्रुवारी

पाण्याच्या टाकीमागे गिलावा न केलेली विटांची आडभिंत आहे. शाळा व्यवस्थापन समितीनं ती आम्हाला दिली. तिच्यावर वाघूर काढायची, लेण्यांपासून गावापर्यंत.

अजिंठ्याला खडकावर मातीचा गिलावा आहे, त्यात भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू, वर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट पदार्थात कालवलेले रंग. आम्ही विटांच्या तुकड्यांवर नमुने केले : नुसती काळी माती, काळी माती आणि वाळू, गाळाची माती आणि गव्हाचं कुटार (भुसा), आणि गाळ, वाळू, कुटार तिन्ही एकत्र. नुसत्या काळ्या मातीला दुपारपर्यंत भेगा. गाळ, वाळू आणि कुटार यांचा गिलावा सगळ्यांत चांगला धरला. कुटार बारीक हवं आणि मातीत दोन दिवस भिजून मुरलेलं. तंतू मातीला आकसताना धरून ठेवतात हे मुलांनी नमुना मोडून, आत बघून सांगितलं.

शनिवार, २२ फेब्रुवारी

रंग. गेरू, पिवडी (पिवळी माती), काजळी, खडूची भुकटी, कपड्यांची नीळ. बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून, गाळून त्यात कालवले. चुन्याचा हात भिंतीला मीच दिला. चुना डोळ्यात गेला तर इजा होते, त्यामुळे मुलं लांब उभी होती.

शेतातल्या बांधावर पळस फुललाय. फुलं उकळून केशरी पाणी निघालं. हळदीच्या पाण्यात पानाच्या चुन्याचा कण टाकला आणि ते लाल झालं, लिंबू पिळलं तर परत पिवळं. हे सगळं वहीत वापरायचं. हळद आणि पळस उन्हात उडतात, म्हणून भिंतीवर फक्त मातीचे रंग, काजळी आणि नीळ. पांढऱ्यासाठी चुन्याचा हात कोरा सोडायचा किंवा खडू.

अजिंठ्याचा निळा अफगाणिस्तानच्या लाजवर्द दगडाचा. तिथून तो इथे कसा आला असेल, यावर चौथीचा अर्धा तास गेला. जाऊ दिला.

शनिवार, १५ मार्च

भिंत सुरू. कोणी काय काढायचं ते मुलांनी ठरवलं. धरण कुठे येतं यावर वाद झाला, नकाशा आणून मिटवला. नदी पहिलीच्या मुलांनी हातांनी रंगवली, तळहात ओले करून. सपाट डोंगर चौथीचे. जिथे गिलावा थोडा सुटला तिथे मुलांनी दगड रंगवला.

शनिवार, २९ मार्च

उद्या पाडवा. पालक, आज्या, नव्यानं पहिलीत येणारी मुलं, सगळ्यांना भिंत बघायला बोलावलं. चिकाच्या चित्रांचे तुकडे दोरीवर टांगले, कपाशीची पिवळी-गुलाबी फुलं ओळीनं लावली.

एका आजोबांनी बराच वेळ बघून सांगितलं की त्यांच्या मळ्यातली विहीर नदीच्या अलीकडे आहे, चित्रात पलीकडे गेली. काढणारी मुलगी त्यांच्याबरोबर मळ्यात जाऊन बघून आली आणि विहीर अलीकडेही काढली. पलीकडची तशीच ठेवली, कारण तिच्यात आता मासे होते.

शनिवार, २६ एप्रिल

वर्णनात्मक नोंदी पूर्ण केल्या. दरवर्षी रजिस्टरमध्ये "चित्र आवडीने काढतो", "रंगसंगती चांगली" ही वाक्यं मुलामुलांत वाटली जातात. यंदा प्रत्येकापुढे त्यानं काय पाहिलं ते लिहिलं :

"हिरव्यात लाल मिसळून रंग मावळवते. सांगितल्याशिवाय शोधलं."

"आधी मातीत करतो, मग कागदावर. त्याला ही वाट द्यावी."

"न पाहिलेलं विचारानं भरून काढतो (कपाशीचं रात्रीचं फूल)."

"महत्त्वाच्या माणसाला मोठं काढते. बदलू नये."

शेवटची नोंद पुढच्या वर्गाच्या शिक्षकांसाठी आहे. चौथीची मुलं आता गावाबाहेरच्या शाळेत जातील. त्यांच्या नोंदींची प्रत आणि प्रत्येकाची दोन चित्रं, जूनचं एक आणि मार्चचं एक, त्या शाळेत स्वतः नेऊन देणार आहे. पावसाआधी भिंतीवर पत्रा टाकायला हवा. समितीशी बोलणं झालंय. कुटार आत्ताच पोत्यात भरून ठेवलं, पावसाळ्यात कोरडं मिळत नाही.

जूनमध्ये पहिलीला पहिल्याच शनिवारी माती द्यायची.